पायऱ्यांवरची सतरा नंबर

गावपळणीसाठी मी दोन बॅगा भरल्या होत्या. एक तीन दिवसांची आणि दुसरी कायमची.

दुसरीत कुहूचे स्वेटर होते, तिच्या लसींची फाईल होती, माझी प्रमाणपत्रं होती. माझ्या नवऱ्याने, गौरांगने, ती बॅग पाहिली, एकदा उचलून बघितली आणि परत जागेवर ठेवली. बोलणं आधीच झालं होतं. तीन दिवस गाव रिकामं राहील, चौथ्या दिवशी सगळे घरी परततील, आणि मी पाच वर्षांच्या लेकीला घेऊन मिरजेला आईकडे जाईन. तो हवं तेव्हा येऊन भेटेल.

कारण सतरा नंबर.

आमचं कांडरवेळ गाव करंबळी खाडीच्या तोंडाशी आहे. डांबरी रस्ता वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, संपतो, पुढे होडी. नऊ वर्षांपूर्वी खाडी, कांदळवन आणि समुद्रातले चार खडक मिळून सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. तेव्हापासून इथले प्राणी बघायला लांबून लोक येतात. खडकांच्या कपारीत लाळेची घरटी बांधणाऱ्या पाकोळ्या. चिखलातून चालत येऊन मुळांवर चढून बसणारे आणि आपल्याकडे टक लावून बघणारे निवटे मासे. रांग धरून मासे घेरणारे हूद, म्हणजे पाणमांजरं. आणि वरच्या अंगाला, सहा किलोमीटरवर, सुसरी. पुस्तकात मगर, इथे सुसर.

गौरांग पर्यटकांची सौर होडी चालवतो. त्याच्या आडनावातच होडी आहे, तारी. त्याचे आजोबा घरापासून खाडीत उतरणाऱ्या पायऱ्यांवरून माणसं पलीकडे सोडायचे. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, लग्न होऊन आले तेव्हा उद्यानाला पाण्याच्या पेट्या सांभाळायला कुणीतरी हवंच होतं.

या पेट्या कशा चालतात ते मी सहलीच्या मुलांना इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही सांगेन. पाण्यात उतरलेला प्रत्येक जीव तिथे स्वतःचं काहीतरी सोडून जातो. कातडीचा कण, लाळ, खवल्याचा चुरा, विष्ठा. त्या कणांत त्याचा डीएनए असतो. पेटी दर तासाला लिटरभर पाणी ओढते, चहा गाळावा तसं गाळते आणि उरलेल्या गाळातले डीएनएचे धागे एका सूक्ष्म छिद्रातून ओढून अक्षर अक्षर वाचते. पूर्वी यावरून एवढंच कळायचं की इथून हूद गेला. आता कळतं की इथून अकरा नंबरचा हूद गेला, आणि तो चार नंबरचा भाऊ. उन्हात, खाऱ्या पाण्यात धागे तुटत जातात, त्यामुळे खूण ताजी की कालची तेही समजतं. माणसांचे धागे मात्र पेटी वाचत नाही. कायद्यानेच बंदी आहे. किती वेगळी माणसं होती तेवढं मोजते आणि बाकी पुसून टाकते. गावात तरी तिला चहाडखोर म्हणतात.

"पण एक लक्षात ठेवा," मी मुलांना शेवटी सांगायची, "पाणी कोण ते सांगतं. केवढा ते सांगत नाही."

हे मी सांगायची. मीच.

जुलैच्या मध्यावर चार नंबरच्या पेटीत एक नवीन सुसर उमटली. उद्यानात सोळा होत्या, ही सतरावी. चार नंबरची पेटी आमच्या घराच्या पायऱ्यांना लागून आहे, तुळशीपासून वीस पावलांवर. त्या दिवसापासून सतरा नंबर रोज सकाळी सातच्या नोंदीत ताजी असायची. सोबत एक ओळ: मानव १, पुसले. तो माणूस कोण ते मला पेटीने सांगायची गरज नव्हती. सासूबाई रोज त्याच वेळी पायऱ्यांवर भांडी विसळतात.

पेटीने नातंही लावलं. सतरा नंबर ही पाच नंबरच्या पोटची. पाच नंबर नऊ फुटी, तिशीच्या पुढची. तिची लेक म्हणजे वीसेक वर्षांची, जवळपास आईएवढीच, असं मी धरलं. रेंजर संखे मॅडमनीही तेच धरलं. यंदाचं पिल्लू आईला सोडून एकटं सहा किलोमीटर खाली आलं तरी आठवडाभर जगत नाही, मासे खातात, बगळे खातात. महिनोन्‌महिने टिकून आहे म्हणजे मोठीच. कॅमेऱ्यात ती कधी आली नाही. वरून ड्रोन फिरला, त्यालाही दिसली नाही.

"म्हणजे हुशार आहे," संखे मॅडम म्हणाल्या.

हा शब्द माझ्या डोक्यात रुतून बसला. हुशार. रोज सातला येते, कुणाला दिसत नाही. सातलाच कुहू दात घासायला पायऱ्यांवर जायची.

मी तिचं पायऱ्यांवर जाणं पहिल्याच दिवशी बंद केलं होतं. पायात घुंगरू बांधले. खळ्यातून, अंगणातून, आवाज आला नाही की हातातलं काम टाकून धावायची. सासूबाईंनाही सांगून पाहिलं, भांडी नळाखाली घासा.

"नळाखाली काय भांडी घासूची? पाणी काय गटाराक सोडूचा?" त्या म्हणाल्या. "घाटावरची पोर तू. तुका पाण्याचा भय वाटताच."

गौरांग सुरुवातीला समजूत काढायचा. मग चिडायला लागला. "अगं, माझा बाप त्याच पाण्यात पोहला."

"तेव्हा सतरा नंबर नव्हती."

"तेव्हा पेटी नव्हती," तो म्हणायचा.

ऑक्टोबरात उद्यानाच्या समितीने ठरवलं, डिसेंबरपर्यंत सतरा नंबर हलली नाही तर काठावरची अकरा घरं धोक्याच्या पट्ट्यात धरायची. म्हणजे पायऱ्यांना कुंपण आणि माणसांना सड्यावर नवीन वसाहत. अहवाल माझ्या सहीने जायचा होता. अकरा घरांच्या बायका मला बाजारात बघून बोलणं थांबवायच्या. आणि खरं सांगायचं तर सही करायला माझा हात अडत नव्हता. माझं लक्ष एकाच घुंगराकडे होतं.

अशात गावपळण आली.

दर तीन वर्षांनी आमच्या ग्रामदेवतेला कौल लावतात. तिने होकार दिला की ढोल वाजतो आणि अख्खं गाव वेशीबाहेर जातं. तीन दिवस, तीन रात्री. घरात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. गुरं, कुत्री, कोंबड्या, मांजरं, घरात जे जिवंत ते सगळं बरोबर. वेशीपलीकडे माडाच्या झापांच्या राहुट्या पडतात आणि तीन दिवस जत्राच असते. चौथ्या दिवशी पुन्हा कौल, देवी हो म्हणाली की परत.

निघायच्या सकाळी सासूबाईंनी एक हारा, बांबूची मोठी टोपली, डोक्यावर घेतला. वर ओलं गोणपाट, दोरीने बांधलेलं.

"आये, दे इकडे, होडीत ठेवतो," गौरांग म्हणाला.

"नको. सुकटीचो हारो हा. तुझी बायल नाक दाबून बसतली."

खरंच होतं ते. सुक्या मासळीचा वास मला अजून सहन होत नाही. परसातल्या मांगरात, मागच्या खोपीत, त्या सुकट ठेवतात म्हणून मी वर्षभरात तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. मी दोन पावलं मागे सरकले. सुकटीला ओलं गोणपाट कशाला, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

पहिला दिवस बरा गेला. कुहू मुलांबरोबर झापांमधून पळत होती. पायात घुंगरू होतेच. सतरा नंबर मागे, रिकाम्या गावात राहिली होती, आणि मला कित्येक महिन्यांनी पोटभर झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता चहा घेता घेता मी मोबाईलवर पेट्यांच्या नोंदी उघडल्या. सवय.

चार नंबरची पेटी: हूद, बोय, निवटे. सतरा नाही. आदल्या सकाळपासून ताजी खूणच नाही. जुलैनंतर पहिल्यांदा.

मला बरं वाटायला हवं होतं. मी खाली सरकले. नऊ नंबरची पेटी वेशीवरच्या ओढ्यात आहे, राहुट्यांपासून हाकेच्या अंतरावर. दोन वर्षांत तिथे एकदाही सुसर उमटली नव्हती.

सकाळी सात. सुसर, सतरा नंबर. ताजी.

खाली: मानव २, पुसले.

कप खाली ठेवलेला मला आठवत नाही. डोक्यात एकच होतं, ती आमच्या मागे आली. गाव उठलं तशी तीही उठली. रिकामी घरं सोडली, बाकीच्या राहुट्या सोडल्या, आणि नेमकी आमच्या राहुटीशेजारच्या ओढ्यात आली. मी कुहूच्या गोधडीकडे बघितलं. गोधडी रिकामी होती. उशाशी घुंगरू काढून ठेवले होते, दोन्ही पायांतले, नीट शेजारी शेजारी.

"गौरांग," मी म्हटलं, मोठ्याने नाही. तो गुरांना पेंढा टाकत होता, पण माझा चेहरा बघून पेंढा टाकून आला.

ओढ्याच्या काठाला केवड्याचं दाट बन आहे. मी त्यात शिरले. काटे हाताला ओरबाडत होते ते मला नंतर कळलं. पलीकडे वाळूचा तुकडा, पाणी घोट्याएवढं. तिथे सासूबाई उकिडव्या बसल्या होत्या. शेजारी तशीच उकिडवी कुहू. दोघींच्या मध्ये हारा, गोणपाट बाजूला सारलेलं. कुहूच्या हातात स्वयंपाकघरातली सांडशी होती आणि सांडशीत बोय माशाचा तुकडा.

"कुहू."

तिने मान वळवली आणि तोंडावर बोट ठेवलं. "आई, ओरडू नको. ती घाबरते."

हाऱ्यात पाण्याचा टोप होता. टोपात माझ्या हाताच्या लांबीची, पिवळट, काळ्या पट्ट्यांची एक सुसर बसली होती. मागचा एक पाय वाकडा. तिने सांडशीतला तुकडा घेतला, मान वर केली, गिळला आणि माझ्याकडे बघितलं. निवटे बघतात ना, तसंच.

गौरांग मागून आला, थबकला.

"आये," तो म्हणाला, "ही सुकट?"

"मगे काय सांगूचा होता?" सासूबाईंनी माझ्याकडे न बघता गोणपाटाची घडी घातली. "जुलैत मासे धरूक पाग टाकलंय तेच्यात गावली. वीतभर होती. पाय दोऱ्यात कापलेलो. सोडलं असतं तर बगळ्यान खाल्ली असती. म्हटलं, पाय बरो होवंदे, मगे सोडीन. मांगरातल्या टाकीत ठेवलंय. तू काय तिकडे येणस नाय."

"इतके महिने," मी म्हटलं. माझाच आवाज मला लांबून येत होता. "आणि पाणी? टाकीतलं पाणी कुठे टाकता?"

"पायऱ्यांवर. रोज सकाळी. घाण पाण्यात ती कशी ऱ्हवात?"

मी वाळूवर बसले.

"आई, तुम्हाला माहीत होतं ना, मी कशाला घाबरतेय? पेटीत रोज सुसर दिसते, म्हणून घरं उठणार आहेत."

आता त्यांनी बघितलं. आणि मला दिसलं की त्याही घाबरलेल्या होत्या, माझ्याइतक्याच, माझ्याइतके दिवस. "ठावक होता. म्हणान तर बोललंय नाय. माका वाटला, हिची आवस, हिची आये, सोधूक येता. चेडू माझ्या टाकीत, आणि आवस पायऱ्यांवर. म्हटलं, आता सोडूक गेलंय तर ती माकाच धरतली. आणि ऱ्हवली तर रोज येतली." त्या थांबल्या. "पाणी टाकताना रोज हात जोडून सांगी, बाय, तुझा चेडू बरा हा. थोडे दिवस थांब."

खात्री करायला मी ओढ्यातल्या नऊ नंबरच्या पेटीकडे धावले. एका बाटलीत टोपातलं पाणी घेतलं होतं, ते हाताने पेटीत ओतलं. वाचायला अकरा मिनिटं लागतात. गौरांग शेजारी उभा राहून केवड्याचे काटे माझ्या बाहीतून एक एक काढत होता.

सुसर, सतरा नंबर. जुळणी पूर्ण. दुसरी सुसर नाही.

मी ते दोनदा वाचलं. मग मोठ्याने वाचलं. मग हसायला लागले आणि ते हसू थांबेचना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी. पायऱ्यांवर कुणीच नव्हतं. कधीच नव्हतं. नऊ फुटांची, हुशार, कुणाला न दिसणारी ती सुसर एक टोपभर पाणी होती.

"सहा महिने तू माझ्याशी भांडलीस," गौरांग म्हणाला, "ते या पालीसाठी."

"पाच," मी म्हटलं.

ओढ्यावर परत आलो तेव्हा सासूबाई हारा बांधत होत्या. मी विचारलं, "घरीच का नाही ठेवली? तीन दिवसांचं अन्न टाकून?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मीच काहीतरी भलतं बोलले होते. "गावपळणीत घरात जिवंत काय्येक ठेवूचा नसता. कोंबडी ठेवूक नाय, मांजर ठेवूक नाय. मगे हिका कशी ठेवू? ती घरातलीच नाय?"

तेवढ्यावरून सगळं उघडं पडलं होतं. पाणी पायऱ्यांवर टाकणं त्या थांबवू शकल्या असत्या. देवीचा नियम मोडणं त्यांना जमणार नव्हतं.

आता प्रश्न माझा होता. सुसर पाळणं हा गुन्हा आहे, साधासुधा नाही. काही न बोलता पिल्लू वर नेऊन सोडलं असतं तर पेटीने एवढंच सांगितलं असतं की सतरा नंबर निघून गेली. घरं वाचली असती, सासूबाई वाचल्या असत्या. पण हाताने खाल्लेलं, लंगडं पिल्लू आठवडाही जगलं नसतं. आणि समितीच्या कागदात ती नऊ फुटी सुसर कायमची राहिली असती, आज ना उद्या परत येणारी. ती मी बनवली होती. मलाच पुसायला हवी होती.

"मी संखे मॅडमना फोन करतेय," मी म्हटलं.

गौरांगचा चेहरा उतरला. सासूबाई मात्र उठल्या, लुगड्याची वाळू झटकली. "कर. माका पण आता रोज हात जोडून कंटाळो इलो."

मॅडम दुपारी होडीने आल्या. वेशीबाहेर असल्यामुळे त्यांना यायला हरकत नव्हती. त्यांनी टोपात बघितलं, पाय तपासला, वजन केलं. मग वाळूवर मांडी घालून अर्ज भरायला घेतला.

"काकी, जखमी पिल्लू सापडलं तर अठ्ठेचाळीस तासांत आणून द्यायचं असतं. तुम्ही पाच महिने घेतलेत."

"माझ्याकडे घड्याळ नाय."

"खायला काय दिलंत?"

"बोय. कधी झिंगे. पेडवे दिलंय तर खायना. मोठी नखरेल."

मॅडमनी मान खाली घातली, पण खांदे हलताना मला दिसले. "मोठी आहे असं मीही लिहून दिलं होतं," त्या मला हळूच म्हणाल्या. "आपण दोघींनी पेटीचं ऐकलं, पण पेटी जे बोललीच नाही तेही ऐकलं."

शिक्षा झाली. ताकीद कागदावर आली, आणि वर्षभर दर शनिवारी उद्यानाच्या केंद्रात बसून येणाऱ्यांना सांगायचं की जंगली पिल्लू सापडलं तर काय करू नये. सासूबाईंनी विचारलं, चहा मिळतो का. मिळतो म्हटल्यावर अंगठा न देता ठसठशीत सही केली, वैजयंती तारी. सतरा नंबर उद्यानाच्या तळ्यात गेली. पाय सुधारला आणि गजभर झाली की वर सोडतील. कुहू रडली, पण मॅडमनी तिला सांडशी बरोबर द्यायला सांगितल्यावर तिला ते काम महत्त्वाचं वाटलं.

चौथ्या दिवशी कौल झाला. ढोल वाजला, गुरं पुढे, माणसं मागे. मी अहवाल चालता चालताच मनात लिहीत होते. पट्ट्याची गरज नाही, चूक वाचणाऱ्याची.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा मांगरात गेले. वास होताच. झापाखाली सिमेंटची टाकी, तळाशी वाळू, एका कोपऱ्यात कुहूची हरवलेली प्लास्टिकची बदकं ओळीने मांडलेली. एवढी लक्ष ठेवणारी मी, आणि हे वीस पावलांवर होतं.

संध्याकाळी गौरांग कपाटाशी उभा होता. "हे स्वेटर कुठे ठेवू?" त्याने विचारलं, माझ्याकडे पाठ करून. "इथे कुणी घालत नाही."

"वरच्या फळीवर," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुहू ब्रश घेऊन पायऱ्यांवर गेली. मी तिच्या मागे गेलेच. सुसरी वर आहेत, सोळाच्या सोळा. लक्ष मी ठेवणारच, त्यात बदल नाही. पण शेवटच्या पायरीवर बसून मी पाय पाण्यात सोडले. पाणी गार होतं. सासूबाई एका बाजूला भांडी विसळत होत्या, कुहू फेस थुंकून तो वाहत जाताना बघत होती.

नऊ वाजता ऑफिसात नोंद उघडली. सकाळी सात, पेटी चार. हूद, दोन. बोय. निवटे. सुसर नाही.

खाली: मानव ३, पुसले.